सिडिलफडीचा चढ

आपल्या खासबाग-शहापूर भागातील जुन्या मराठी घराण्यांपैकी अनेकांची कुलदेवता बदामीजवळची बनशंकरी आहे. पौषात शाकंभरी नवरात्राच्या सुमारास तिकडे जाण्याचा परिपाठ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. देवीचे दर्शन, हरिद्रातीर्थाच्या काठावर भाकरी आणि वांग्याची भाजी, परतताना बदामीची चार लेणी, असा हा प्रवासाचा ठरलेला क्रम. लेणी पाहून झाल्यावर ज्यांचे पाय अजून चालत असतील ते अगस्त्यतीर्थाच्या उत्तर काठावरील पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात डोकावतात. तेथे एका दालनात एका खडकाळ निवाऱ्याची मोठी प्रतिकृती मांडलेली आहे. बहुतेक मंडळी तिच्यासमोर क्षणभर थांबतात आणि पुढे सरकतात. प्रस्तुत लेखकही गेल्या चाळीस वर्षांत निदान सहा-सात वेळा तसाच पुढे सरकला होता.

ती प्रतिकृती ज्या स्थळाची आहे, ते मूळ स्थळ संग्रहालयापासून तीन-चार किलोमीटरवर डोंगरात आजही उभे आहे. त्याचे नाव सिडिलफडी. सेवानिवृत्तीनंतर, गुडघे कुरकुरू लागल्यावर, मी ते प्रथम पाहिले. ते पाहून जे विचार मनात आले, ते आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कानडीत ‘सिडिलु’ म्हणजे आकाशातून कोसळणारी वीज आणि ‘पडी’ किंवा ‘फडी’ म्हणजे खडक. वीज पडून या प्रचंड शिळेला भोके पडली, अशी लोकसमजूत आहे आणि तीवरूनच हे नाव पडले. दोन मोठ्या शिळांवर कमानीसारखा टेकलेला खडक, त्याच्या छताला आरपार पडलेली मोठी छिद्रे, त्यांतून खाली उतरणारा उन्हाचा कवडसा आणि खाली दहा-वीस माणसे सहज बसतील असा सावलीचा चौक, असे त्याचे ढोबळ रूप सांगता येईल.

वाट लांब नाही, परंतु आरंभीचा चढ अंगावर येतो. तांबड्या वालुकाश्माच्या दोन कड्यांमधील घळीतून खडकाच्या पायऱ्या-पायऱ्यांनी वर जावे लागते. पठारावर आल्यावर चढ संपतो आणि उन्हाचा ताप सुरू होतो. सभोवार काटेरी झुडपे, निवडुंग, मधूनच वाऱ्याने गुळगुळीत झालेले खडक. पाण्याचा थेंब नाही. बदामीला वाळवंट म्हणता यायचे नाही, पण आपल्या बेळगावात जेवढा पाऊस पडतो त्याच्या निम्माही तिथे पडत नाही. सह्याद्रीने मेघ अडवले की पूर्वेकडे उरते ते असे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील ज्या भागांची सर्वांत अधिक वाताहत झाली, त्यांत हा त्या वेळचा कलादगी जिल्हा होता. आपल्या ओल्या, आंबेमोहोर पिकविणाऱ्या मुलुखातून अवघ्या दीडशे किलोमीटरवर असा कोरडा देश आहे, हे मोटारीच्या काचेतून जाणवत नाही. पायांना मात्र लगेच कळते.

माझ्याबरोबर पुण्याहून सुटीसाठी आलेला नातू होता आणि वाट दाखविण्यासाठी गावातलाच एक शेळ्या राखणारा तरुण. मला धाप लागली की तो थांबे, काठी टेकून उभा राही आणि काहीतरी विचारी. पहिल्याच थांब्यावर त्याने विचारले, “निम्म ऊर याव्दरी?” तुमचे गाव कोणते? मी सांगितले, बेळगाव. पुढच्या थांब्यावर त्याने विचारले, ते झाले, पण मूळचे कुठले? या प्रश्नात खोच नव्हती. खेड्यातला माणूस पाहुण्याला हे विचारतोच. माझ्या तोंडून मात्र उत्तर लवकर बाहेर आले नाही. आमचे घराणे शहापुरात आले ते पटवर्धनांच्या सांगली संस्थानाच्या अमदानीत, असे घरी सांगतात. त्यापूर्वी मिरजेकडे. त्याआधीचे कोणास ठाऊक नाही. ‘मूळ’ यांतले कुठले धरायचे? मी ‘बेळगावच’ म्हणालो आणि चालू लागलो. पण प्रश्न माझ्याबरोबर चढत राहिला.

आता खडकाविषयी. बदामीचे कडे ज्या वालुकाश्माचे आहेत तो कलादगी खडकसमूहातला. कोट्यवधी वर्षांपूर्वी, जमिनीवर झाड वा जनावर नसताना, उथळ पाण्यात वाळूचे थर एकावर एक साचत गेले, दाबाने घट्ट झाले, लोहाच्या गंजाने तांबडे झाले. आपला गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली उडी घेतो, तो कडाही याच कलादगी घराण्यातला. या खडकात उभ्या भेगा असतात. पावसाचे पाणी भेगांत शिरते, वाळूच्या कणांना धरून ठेवणारे बंधन हळूहळू विरघळवते. जो थर मऊ तो आधी झिजतो, जो कठीण तो छपरासारखा वर राहतो. छपराखाली पोकळी वाढत गेली की कमान, आणि छपरातच कमकुवत जागा असली की आरपार भोक. विजेच्या तडाख्याने खडक फुटू शकतो, कपचे उडू शकतात. परंतु एवढी मोठी छिद्रे पाडण्याचे काम पाण्याचे, वाऱ्याचे आणि अफाट काळाचे आहे. तरीही ज्यांनी विजेचे नाव दिले त्यांना मी हसणार नाही. त्यांनी खडक पाहिला, ‘हे कसे झाले असेल?’ असा प्रश्न विचारला आणि त्याला सुचले ते उत्तर दिले. संग्रहालयातून पुढे सरकणाऱ्या माझ्यासारख्याने प्रश्नही विचारला नव्हता.

मराठीत अशा आरपार छिद्राला ‘नेढे’ असा नेमका शब्द आहे. सुईचे नेढे तेच डोंगराचे नेढे. राजगडाच्या सुवेळा माचीवरचे नेढे, रतनगडाच्या माथ्यावरचे नेढे भटक्या मंडळींच्या परिचयाचे आहे. तिथला खडक मात्र ज्वालामुखीचा काळा बेसाल्ट. तिरुपतीला जाणाऱ्यांनी तिरुमलेवरचे शिलातोरण पाहिले असेल. तीही निसर्गाने घडविलेली कमान. आपल्यापैकी ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांच्या भिंतीवर युटा राज्यातील डेलिकेट आर्चचे छायाचित्र बहुधा असते. तिथे खरेखुरे वाळवंट आहे. जाऊन-येऊन सुमारे पाच किलोमीटरची वाट, उघड्या खडकावरून अंगावर येणारा चढ आणि अखेरीस सुमारे १४ मीटर उंचीची तांबडी कमान. ती पाहण्यासाठी जगभरातून माणसे येतात. त्याच उद्यानातील वॉल आर्च नावाची कमान २००८ मध्ये एका रात्रीत कोसळली. या कमानीही अमर नसतात. झिजण्यानेच त्या घडतात आणि झिजण्यानेच जातात.

परंतु युटाच्या त्या प्रसिद्ध कमानीहून सिडिलफडीचे मोल निराळे आहे, ते तिच्या छायेत राहून गेलेल्या माणसांमुळे. या निवाऱ्याच्या खडकावर पांढुरक्या आणि तांबूस रंगांतल्या पुसट आकृती आहेत. डोळे उन्हातून सावलीला सरावले की त्या एकेक करून वर येतात. माणसे आहेत, जनावरे आहेत. नातवाचे डोळे तरुण, त्याला त्या आधी दिसल्या. “आजोबा, हा बघा माणूस,” तो म्हणाला, आणि मग आम्ही तिघेही बराच वेळ काही बोललो नाही. या चितारणाऱ्यांचा सन-शक नाही, राजा नाही, बिरुद नाही. त्यांची भाषा कोणती होती, हे सांगण्याचा कोणताही मार्ग नाही. शेती आणि लेखन यांच्या कितीतरी आधी, शिकार करून आणि कंदमुळे वेचून जगणारी माणसे या सावलीत राहिली, एवढेच खडक सांगतो. मलप्रभेच्या खोऱ्यात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे विपुल सापडली आहेत. त्यांचा पद्धतशीर अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे आर. व्ही. जोशी यांनी केला आणि १९५५ मध्ये तो ग्रंथरूपाने पुणे आणि धारवाड या दोन्ही ठिकाणच्या विद्यापीठीय संस्थांच्या नावे प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी या दोन गावांच्या मध्ये राज्याची सीमा आली.

वरून खाली पाहिले की बदामीचे तळे दिसो न दिसो, तिथला इतिहास डोळ्यांपुढे येतो. खाली मात्र प्रत्येकाने आपले नाव लिहून ठेवले आहे. शके ४६५, म्हणजे इ. स. ५४३ मध्ये पहिल्या पुलकेशीने वातापीचा डोंगर तटबंद केल्याचे कड्यावर कोरले. तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा शके ५०० चा लेख आहे. पुढे सातव्या शतकात पल्लव नरसिंहवर्म्याने वातापी जिंकली आणि आपला लेख इथल्याच खडकावर खोदविला. तळ्याच्या ईशान्येला कप्पे अरभट्टाचा लेख आहे. कानडीतील त्रिपदी छंदाचा तो सर्वांत जुना नमुना मानला जातो. आपल्या मराठी मंडळींपैकी फार थोड्यांनी तो पाहिला असेल. मी स्वतः चाळीस वर्षे कानडीत टिपणे लिहून निवृत्त झालो, तरी तिथवर कधी गेलो नव्हतो, हे कबूल करायला हवे.

आता ज्यावर आपल्याकडे सभांतून आवेशाने बोलले जाते त्या मुद्द्याकडे येतो. दुसऱ्या पुलकेशीच्या ऐहोळे येथील इ. स. ६३४ च्या प्रशस्तीत, तो नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपती झाला, असे रविकीर्ती म्हणतो. त्यानंतर काही वर्षांनी आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग याच राजाच्या देशाला ‘महाराष्ट्र’ म्हणतो. आपले वक्ते हे दोन दाखले देतात आणि थांबतात. परंतु शतकभराने, शके ६७५ च्या सामानगड ताम्रपटात, राष्ट्रकूट दंतिदुर्गाने चालुक्यांची जी सेना हरविली तिला ‘कर्नाटक बल’ म्हटले आहे. सामानगड कुठे आहे, हे निपाणीकर वाचकांना सांगायला नको. दुसऱ्या बाजूचे वक्ते हा दाखला देतात आणि तेही तिथेच थांबतात. एकाच घराण्याची ही दोन्ही नावे आहेत आणि दोन्ही अस्सल दस्तांतली आहेत.

असाच प्रकार इंग्रज अमदानीत पुन्हा घडला. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट याने या भागातील खडकांवरचा आपला अहवाल १८७६ मध्ये प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकात या प्रदेशाला ‘दक्षिण मराठा देश’ म्हटले आहे. १८८२ मध्ये मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील जे. एफ. फ्लीट याने इथल्या राजघराण्यांवरचा ग्रंथ काढला, त्याच्या शीर्षकात ‘मुंबई इलाख्यातील कानडी जिल्हे’ आहेत. त्याच १८८२ साली स्थापन झालेल्या रेल्वे कंपनीचे नाव मात्र सदर्न मराठा रेल्वे. पेशवाईत आणि संस्थानांत सत्ता मराठ्यांची होती म्हणून एकाने एक नाव घेतले. घराघरांतली आणि शिलालेखांतली भाषा कानडी होती म्हणून दुसऱ्याने दुसरे. दोघांपैकी खोटे कोणीही लिहिले नाही.

आपले दुवेही इथे आहेत आणि ते सांगायला संकोच नको. बनशंकरीचे आजचे देऊळ १७५० मध्ये परशुराम आगळे या मराठा सरदाराने नव्याने उभारले. १७८६ च्या मे महिन्यात पेशवे आणि निजाम यांच्या फौजांनी टिपूच्या ताब्यातून बदामीचा किल्ला घेतला, तेव्हा नाना फडणीस जातीने छावणीत होते. १८१८ मध्ये तो मन्रोने घेतला. १८४१ च्या सुमारास नरसिंह दत्तात्रय पेटकर नावाच्या एका अंध ब्राह्मणाने निजामाच्या मुलखातून अरबांची तुकडी आणून बदामी काबीज केली आणि स्वतःस छत्रपती म्हणवून तिथे अंमल चालविला. थोड्याच दिवसांत बेळगावच्या फौजेने त्याला पकडले. मराठी सत्तेची ही इथली शेवटची, काहीशी करुण, धडपड. पण याच मातीत कानडी, संस्कृत, फार्सी, मराठी अशा सर्वांचे दस्त एकावर एक साचले आहेत, अगदी त्या वालुकाश्मासारखे. त्यांतला एक थर काढून ‘हाच मूळ’ म्हणता येत नाही, कारण त्याच्याखाली दुसरा असतोच. आणि अगदी तळाशी, किंवा खरे तर डोंगराच्या अगदी वर, ती नाव नसलेली माणसे आहेत.

इथे वाचक विचारतील, मग आपल्या गाऱ्हाण्याचे काय? १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. आपल्या वडील पिढीने त्यासाठी सत्याग्रह केले, तुरुंग पाहिले. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्याचा निकाल अजून लागलेला नाही. २०१४ मध्ये गावाचे सरकारी नावही बदलले. हे सारे माझ्या घरातही सोसले गेले आहे. ज्या सरकारविरुद्ध वडिलांनी घोषणा दिल्या त्याच सरकारची मी नोकरी केली, आणि जेवणाच्या पंगतीला बसल्यावर आम्हा दोघांत कित्येक वर्षे हा विषय निघत नसे. ‘तू भाकरी त्यांची खातोस,’ एवढेच ते एकदा म्हणाले होते. मी उत्तर दिले नव्हते. ते उत्तर, मला वाटते, मला सिडिलफडीच्या सावलीत बसल्यावर सुचले. ते ऐकायला वडील आता नाहीत.

माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेली. जमिनीचा तंटा आला की दोन्ही पक्ष मूळ मालकीचे कागद काढीत. कोणी इनामाची सनद, कोणी आजोबांचे खरेदीपत्र. कागद वाचून डोके भणभणे. मग जुना तलाठी हळूच विचारी, “साहेब, वहिवाट कोणाची?” जमीन कोण कसते, बांध कोण घालते, विहीर कोण उपसते, हा तो प्रश्न. सगळ्या वादांचा निकाल वहिवाटीवर लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माणूस जमिनीशी कसा बांधलेला आहे, हे सनदेपेक्षा वहिवाट अधिक खरे सांगते.

खासबागच्या गल्ल्यांतून जी मराठी बोलली जाते, मागाच्या खटखटाटावर आवाज चढवून जी भांडते, कानडी शेजाऱ्याशी अर्धी मराठी अर्धी कानडी होऊन जी व्यवहार करते, तिचा हक्क पुलकेशीच्या प्रशस्तीवर उभा नाही. तो तिच्या वहिवाटीवर उभा आहे. पोरांना मराठी शाळा मिळावी, अर्जाला मराठीत उत्तर मिळावे, ही मागणी आपण इथे आधी आलो म्हणून नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या इथे नांदतो आहोत म्हणून न्याय्य आहे. आणि हाच न्याय सोलापूर, अक्कलकोट, जत या भागांतल्या कानडी घरांनाही लागू होतो, हे आपण कचरत का होईना, म्हटले पाहिजे. एक गोष्ट मात्र वहिवाटीच्या तत्त्वातच आहे. कसणे सोडले की ती तुटते. आपली नातवंडे घरी मराठी वाचत नसतील, तर न्यायालयाचा निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी वहिवाट आपली उरणार नाही. माझा नातू पुण्यात इंग्रजी शाळेत जातो. हे मी इतरांना उपदेश करण्यासाठी लिहीत नाही.

उतरताना पाय अधिक लटपटतात. घळीच्या तोंडाशी पुन्हा तळे दिसले तेव्हा त्या तरुणाने माझा हात धरला. खडकांवर कोळशाने आणि खिळ्याने लिहिलेली नावे होती, काही कानडीत, काही देवनागरीत. या एका बाबतीत दोन्ही भाषिकांचे एकमत दिसले. नातवाने ती वाचत वाचत विचारले, “वर त्या चित्रांजवळ कोणी स्वतःचे नाव का नाही लिहिले?” मी म्हणालो, त्यांना लिहिता येत नव्हते. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “पण त्यांनी माणूस काढला.”

निरोप घेताना मी त्या तरुणाला त्याचे मूळ गाव विचारले. तो हसला. त्याचे आजोबा दुष्काळात कुठून तरी पूर्वेकडून शेळ्या हाकीत इथे आले होते. गावाचे नाव त्याला आठवेना.

पुढच्या पौषात बनशंकरीला जाल तेव्हा एक सकाळ राखून ठेवा. सूर्य वर येण्याआधी निघा, पाणी भरपूर घ्या, गावातला वाटाड्या घ्या आणि त्याला योग्य तो मोबदला द्या. संग्रहालयातील प्रतिकृतीसमोर थोडे थांबलात तरी चालेल. पण तिथून पुढे, डोंगराकडे, चालू लागा.